ठेच अंगठ्याला, पेशी कमरेत

ठेच लागते तेव्हा एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्या क्षणी लक्ष देण्याच्या मनःस्थितीत कोणीच नसतं. आधी नुसता धक्का कळतो. मग पापणी लवायच्या आत एक तीक्ष्ण कळ, अगदी नेमक्या जागेची. त्यानंतर जवळजवळ सेकंदभराची उसंत मिळते. आता दुखणार हे कळलेलं असतं, आपण दात आवळून वाट बघत असतो, आणि मग ती पसरट, ठणकणारी वेदना वर येते. अंगठा एक, ठेच एक, पण बातमी तीन हप्त्यांत पोचते.

हिशेब सोपा आहे. पायाच्या अंगठ्यापासून कमरेतल्या मणक्यांपर्यंत मोठ्या माणसात साधारण एक मीटर अंतर असतं. स्पर्शाची खबर नेणारे चेतातंतू जाड असतात, त्यांना मायलिन या स्निग्ध पदार्थाचं घट्ट वेष्टण असतं आणि त्यांचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या आसपास. म्हणजे धक्क्याची खबर कमरेत पोचायला २० मिलिसेकंद. तीक्ष्ण कळ नेणारे तंतू बारीक, वेष्टण पातळ, वेग ५ ते ३० मीटर. त्यांना साधारण ३० ते २०० मिलिसेकंद लागतात. आणि ठणका नेणारे तंतू उघडेच. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. त्यांना तेच अंतर कापायला सेकंदभर लागतो. मधली उसंत ही त्या चालीची आहे.

ठेच लागली की हात आपोआप अंगठ्याकडे जातो आणि आपण तो भाग चोळायला लागतो. चोळल्याने जाड तंतू जागे होतात आणि मज्जारज्जूत शिरताना ते बारीक तंतूंच्या खबरीला काही अंशी अडवतात. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. तपशिलांत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला.

मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि चेतातंतूंच्या जुडीलाही. त्यामुळे ‘नस दबली’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर अडलेलं रक्त येतं. इथे नस म्हणजे हजारो तंतूंची जुडी, आणि त्यातला प्रत्येक तंतू हा एका जिवंत पेशीचाच भाग. अंगठ्यातून खबर आणणाऱ्या चेतापेशीचा देह, जिथे तिचं केंद्रक असतं, तो अंगठ्यात नाही. तो कमरेत, मणक्यांच्या फटीजवळच्या एका लहानशा गाठीत बसलेला असतो. तिथून एक फाटा खाली अंगठ्यापर्यंत जातो आणि दुसरा मज्जारज्जूत शिरतो. स्पर्शाच्या पेशीत हा दुसरा फाटा तसाच वर चढत मानेच्या वर, मेंदूच्या बुडाशी पोचतो. एकच पेशी, अंगठ्यापासून थेट तिथपर्यंत.

पाठ्यपुस्तकातलं चेतापेशीचं चित्र इथे दिशाभूल करतं. चांदणीसारखा देह, वर वृक्षिकांच्या फांद्या, खाली बोटभर शेपूट. ही प्रमाणं खरी ठेवून चित्र काढताच येत नाही. त्या कमरेतल्या पेशीचा देह ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग धरू, आणि तो हजारपट मोठा करू. आता हातात पाच सेंटिमीटरचा चेंडू आला. त्याच प्रमाणात ठणक्याचा तंतू होतो एक मिलिमीटर जाडीचा दोरा, आणि त्याची लांबी एक किलोमीटर. जाड तंतूंचं तर आणखी टोक: पेशीतल्या एकूण ऐवजापैकी ९९ टक्क्यांहून जास्त ऐवज तंतूतच असतो, देह उरतो नावापुरता. चेतापेशी समजून घ्यायची असेल तर मेंदूतल्या विचारांपासून सुरुवात करू नये, या लांबीपासून करावी असं मला ठामपणे वाटतं. तिचा वेग, तिचं पोषण, तिचे आजार आणि तिचं बरं होणं, सगळं या लांबीतून उलगडत जातं.

एवढी लांब पेशी तयार तरी कशी होते? गर्भात तिचं टोक त्वचेपर्यंत पोचतं तेव्हा ते अंतर काही मिलिमीटरचंच असतं. एकदा दोन्ही टोकं पक्की झाली की पुढची सगळी वाढ ताणाने होते. पाय वाढतो, तशी पेशी मधूनच नवा माल भरत लांब होत जाते. मूल उंच होतं तेव्हा त्याच्या पायातली प्रत्येक चेतापेशी उंच होत असते.

ही लांबी माणसाला दिसायला फार वेळ लागला, कारण मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर तिथे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचं रान असतं. १८७३ मध्ये कामिलो गॉल्जीने पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कडक केलेला ऊतीचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवला, आणि पिवळ्या पार्श्वभूमीवर काही मोजक्या पेशी पूर्ण काळ्या झाल्या. शंभरातल्या दोनचार. का नेमक्या त्याच, हे धड उलगडलेलं नाही, पण त्या पद्धतीचं मोल तिच्या या अपुरेपणातच आहे. सगळ्या पेशी रंगल्या असत्या तर नुसता काळा ठोकळा दिसला असता. पुढचं पाऊल सान्तियागो रामोन इ काहालचं. मायलिन असलेल्या तंतूंत हा रंग नीट शिरत नाही हे ओळखून त्याने मोठ्या प्राण्यांऐवजी पक्ष्यांचे गर्भ आणि पिल्लं घेतली, मायलिन चढण्याआधीची. तुकडे दोनदा बुडवले, काप जाड ठेवले. १८८८ मध्ये त्याने दाखवून दिलं की प्रत्येक तंतू कुठेतरी संपतो. तो पुढच्या पेशीला खेटतो, पण तिच्यात मिसळत नाही. गॉल्जीच्या मते मात्र हे सगळं एकसंध जाळं होतं. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं, आणि गॉल्जीने आपल्या भाषणात काहालच्याच सिद्धांताविरुद्ध बाजू मांडली. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. रुंदी सुमारे २० नॅनोमीटर. वरच्या हजारपट मोठ्या चित्रातसुद्धा ही फट केसाहून बारीक राहील.

या लांबीवरून खबर जाते कशी? तारेतून वीज जाते तशी नाही. पेशीच्या पटलाच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्ट कमी विद्युतदाब असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पटल अवघं सात-आठ नॅनोमीटर जाड. म्हणजे त्या पातळ थरावरचा ताण सेंटिमीटरला लाखभर व्होल्ट इतका पडतो. आत पोटॅशियम भरपूर, बाहेर सोडियम भरपूर, आणि हा फरक टिकवायला एक पंप अखंड चालू असतो: प्रत्येक फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, एक एटीपी, म्हणजे पेशीच्या इंधनाचा एक रेणू, खर्च. दाब सुमारे उणे ५५ पर्यंत चढला की सोडियमची दारं धाडधाड उघडतात, आतली बाजू क्षणभर धन होते, मग ती दारं बंद, पोटॅशियम बाहेर, पुन्हा मूळ स्थिती. सगळं मिलिसेकंदाभरात. एका जागेची उलथापालथ शेजारच्या जागेला पेटवते, ती पुढच्या जागेला. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये याची समीकरणं मांडली, ती माखली या सागरी जीवाच्या महातंतूवर मोजमापं घेऊन. तो तंतू मिलिमीटरभर जाड असू शकतो, म्हणून त्यात विद्युताग्र घालणं जमलं.

माखलीला एवढा जाड तंतू लागतो, कारण उघड्या तंतूत वेग वाढवायचा तर जाडी वाढवण्यावाचून उपाय नाही. आपल्या शरीराने दुसरा मार्ग काढला. श्वान पेशी तंतूभोवती स्वतःला गुंडाळून घेते, पदरावर पदर, कधी शंभरपर्यंत. हे पदर म्हणजेच मायलिन. (या नावाचा कुत्र्याशी संबंध नाही. थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाचं ते आडनाव.) एक पेशी तंतूचं फार तर मिलिमीटरभर कांडं गुंडाळते, मग मायक्रॉनभराची फट, मग पुढचं कांडं. कमरेपासून अंगठ्यापर्यंतच्या एका जाड तंतूवर अशा हजाराच्या घरात श्वान पेशी ओळीने बसलेल्या असतात. सोडियमची दारं फक्त त्या फटींमध्ये दाटीने असतात, त्यामुळे उलथापालथ प्रत्येक बिंदूवर न होता फटीफटीवर होत जाते. दहा मायक्रॉनचा तंतू असा सेकंदाला ६० मीटर गाठतो. माखलीचा त्याच्या शंभरपट जाड तंतू याच्या निम्माही वेग धरत नाही.

दाढ काढताना दिलेली भूल काम करते ती याच दारांवर. लिग्नोकेन सोडियमचं दार आतल्या बाजूने अडवतं. त्यासाठी त्याला आधी पटल ओलांडावं लागतं, आणि ते जमतं फक्त त्याच्या विद्युतभाररहित रूपाला. दाढेखाली पू झाला असेल तर तिथे आम्लता वाढलेली असते, बहुतेक औषध भारित होऊन बाहेरच अडकतं, आणि भूल चढत नाही. रुग्णाला वाटतं इंजेक्शन कमी दिलं; खरं तर औषध दाराशी पोचलेलंच नसतं. म्हणून अशा वेळी सुजेच्या जागेपासून दूर, नसेच्या वरच्या भागात सुई देतात. शिवाय एक फट बंद करून भागत नाही. खबर एखाददुसरी मेलेली फट ओलांडून जाते, म्हणून ओळीने किमान तीन फटी भिजाव्या लागतात. जाड तंतूंची कांडी लांब, त्यामुळे त्यांना जास्त लांबीवर औषध लागतं. दुखणं थांबतं तरी दाब आणि ओढ जाणवत राहते, ती यामुळे.

पायाला मुंग्या येतात तेव्हा क्रम उलटा असतो. मांडी घालून बराच वेळ बसलं की दाबाने आधी जाड तंतू बंद पडतात: स्पर्श जातो, पाय लाकडासारखा होतो, पण चिमटा काढला तर दुखतं. उठल्यावर रक्त परत येतं आणि उपाशी राहिलेले तंतू सावरता सावरता वेळी-अवेळी स्वतःच पेटत राहतात. त्या मुंग्या म्हणजे नस मेल्याची खूण नाही, जागी होत असल्याची आहे. दाब तासन् तास राहिला, उदाहरणार्थ खुर्चीच्या कडेवर दंड टाकून गाढ झोप लागली, तर मायलिनलाच इजा होते आणि सकाळी मनगट लुळं पडलेलं असतं. तंतू आतून शाबूत असेल तर श्वान पेशी नवं वेष्टण चढवतात आणि काही आठवड्यांत हात पूर्ववत होतो.

वेष्टण गेलं की काय होतं ते मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये फार ठळक दिसतं. तिथे शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतलं मायलिन खाते. उघड्या पडलेल्या कांड्यातून खबर जेमतेम पुढे सरकत असते. अशा माणसाने कढत पाण्याने अंघोळ केली, ताप आला, तर थोडा वेळ दृष्टी अंधूक होते किंवा पाय जड होतात. कारण तापमान वाढलं की सोडियमची दारं लवकर मिटतात, आणि आधीच काठावर असलेली खबर तिथेच विझते. अंग थंड झालं की दृष्टी परत येते. ऊटहॉफ या नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे नोंदलं होतं. नवा झटका आला म्हणून घाबरून जाण्याआधी रुग्णाने आणि घरच्यांनी हे माहीत करून घ्यावं.

आता या लांबीची सगळ्यात कठीण बाजू. पेशीची बहुतेक प्रथिनं तयार होतात देहात, आणि लागतात मीटरभर दूर. त्यासाठी तंतूच्या आत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यावरून कायनेसिन नावाचं प्रथिन माल ओढत नेतं, एकेक पाऊल आठ नॅनोमीटरचं. अंगठा गाठायला साडेबारा कोटी पावलं. सूक्ष्म पिशव्यांत भरलेला तातडीचा माल दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे अडीच दिवसांत पोचतो. सांगाड्याची प्रथिनं मात्र दिवसाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी सरकतात. आज कमरेतून निघालेलं असं प्रथिन अंगठ्याशी पोचायला जवळजवळ तीन वर्षं लागतात. पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी १९४८ मध्ये नसेला आवळपट्टी बांधून पाहिली, तेव्हा वरच्या बाजूला तंतू फुगले. धरणामागे पाणी साचावं तसा माल साचला होता.

परतीच्या वाटेवर डायनिन हे दुसरं प्रथिन असतं. ते जुना माल आणि टोकाकडची खबर देहाकडे आणतं. रेबीजचा विषाणू याच वाहतुकीवर स्वार होऊन मेंदूकडे निघतो. म्हणून चावा चेहऱ्यावर असेल तर वेळ कमी मिळतो, पायावर असेल तर सहसा जास्त. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) यांचा सगळा उपयोग विषाणू तंतूत शिरून वर पोचण्याआधी. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुणं हा उपचाराचाच पहिला भाग आहे, तो कधीही टाळू नये. धनुर्वाताचं विषही याच वाटेने मज्जारज्जूत पोचतं आणि तिथे स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींचं तोंड बंद करतं. आवरणारं कोणी उरलं नाही की जबडा आवळला जातो.

वाहतुकीत किंवा पोषणात कुठेही तूट आली तर ती आधी सगळ्यात लांब तंतूंना भोवते. मधुमेहात बधिरपणा पायांच्या बोटांपासून सुरू होतो तो यामुळे. तो मोज्यासारखा वर चढतो, आणि गुडघ्याच्या आसपास येतो तेव्हा हाताच्या बोटांची टोकं बधिर होऊ लागतात, कारण मणक्यापासून गुडघा आणि मणक्यापासून बोटांची टोकं ही अंतरं जवळपास सारखी आहेत. कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन नलिकांचे रूळच मोडतं. त्याचाही बधिरपणा बोटांच्या टोकांत सुरू होतो. मधुमेह्याच्या तळव्यावर डॉक्टर दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा वाकेपर्यंत टेकवतात, घोट्याच्या हाडाला आणि अंगठ्याला १२८ हर्ट्झचा कंपनकाटा लावतात. दोन मिनिटांची तपासणी आहे, आणि ती वेळेवर झाली तर पाय वाचतात. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ सुद्धा तपासावं. त्याच्या कमतरतेनेही मायलिन खराब होतं आणि दोन्ही कारणं एकाच पायात एकत्र नांदू शकतात. कुष्ठरोग मात्र लांबीचा हा नियम पाळत नाही. त्याचे जंतू श्वान पेशींत राहतात आणि त्यांना गारवा मानवतो, त्यामुळे बधिरपणा थंड जागी, त्वचेजवळून जाणाऱ्या नसांवर येतो. कोपरामागची जाड झालेली नस बोटांनी चाचपता येते.

एवढ्या लांब पेशीला एकटीने जगणं शक्यच नाही. मेंदूत साधारण ८६०० कोटी चेतापेशी असतात आणि जवळजवळ तितक्याच साथीदार पेशी. साथीदार दहापट असतात हे पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं, ते २००९ मध्ये प्रत्यक्ष मोजणीने खोटं ठरलं. फिर्खोने १८५६ मध्ये त्यांना ‘ग्लिया’, म्हणजे गोंद म्हटलं, आणि ते नाव त्यांना फार अन्याय करून गेलं. तारकापेशी चेतापेशींनी बाहेर टाकलेलं पोटॅशियम उचलतात, सिनॅप्सच्या, म्हणजे दोन पेशींच्या सांध्याच्या, फटीतलं ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन शोषून घेतात. हे थांबलं तर ग्लुटामेटच चेतापेशींना मारतं, पक्षाघातात नेमकं तेच घडतं. मायक्रोग्लिया या रक्षक पेशी सतत फांद्या हलवत आपापला इलाखा चाचपत असतात. मेंदूत मायलिन चढवणारी ऑलिगोडेंड्रोसाइट एकटीच कित्येक तंतूंची कांडी गुंडाळते, त्यामुळे ती एक मेली की नुकसान अनेकांचं होतं.

आणि ती नस तुटली तर? ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून पाहिलं: देहापासून तुटलेला भाग काही दिवसांत विरून जातो. पण लगेच नाही, आणि इथेच तपासणीत चूक होते. तुटल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस तुटलेला तुकडा विजेच्या धक्क्याला उत्तर देत राहतो, त्यामुळे घाईने केलेली तपासणी ‘नस ठीक आहे’ असं सांगू शकते. स्नायूतली सुईची तपासणी तर दोन-तीन आठवड्यांनंतरच बोलकी होते.

दरम्यान श्वान पेशी तंतूचा कचरा साफ करून रिकाम्या नळीत ओळीने उभ्या राहतात आणि वरच्या टोकातून नवा अंकुर त्या ओळीचा हात धरत खाली येऊ लागतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मेंदू आणि मज्जारज्जूत ही ओळ नसते. तिथलं मायलिन आणि तारकापेशींचा व्रण वाढीला अडवतात. डेव्हिड आणि अग्वायो यांनी १९८१ मध्ये तिथे पायातल्या नसेचा तुकडा जोडून दाखवला, तेव्हा तेच मज्जारज्जूतले तंतू त्या तुकड्यातून कित्येक सेंटिमीटर वाढले. पेशीत बळ होतं, वाट नव्हती.

मनगटात तुटलेली आणि शिवलेली नस बोटांच्या टोकापर्यंत यायला सहा महिने किंवा जास्त घेते. मांडीत तुटलेली नस पावलापर्यंत यायला दोन वर्षांहून अधिक, आणि तोवर वाट बघणारा स्नायू वाळून गेलेला असतो. वर्ष-दीड वर्षानंतर तो नव्या तंतूला दाद देईनासा होतो. म्हणून शस्त्रक्रिया लांबवू नये, आणि तोवर सांधे रोज हलवत राहावेत, नाहीतर नस पोचते आणि बोट वाकत नाही.

वाढ कुठवर आली हे बघायला यंत्र लागत नाही. डॉक्टर नसेच्या वाटेवर खालून वर बोटाने हलके टिचक्या मारत जातात. एका ठिकाणी रुग्ण दचकतो, बधिर बोटात झिणझिण्या गेल्याचं सांगतो. नव्या अंकुराचं कोवळं, अजून मायलिन न चढलेलं टोक तिथे आलेलं असतं. त्या जागेवर पेनाने खूण करायची, शिवलेल्या जागेपासून पट्टीने अंतर मोजायचं आणि तारखेसह कागदावर लिहून ठेवायचं. महिन्याने पुन्हा टिचकी. खूण तीन सेंटिमीटर पुढे सरकली असेल तर थांबायचं, वाट बघायची. तिथेच असेल तर नस पुन्हा उघडून बघायची.